तीनदा सेनगाव, एकदा पुसेगाव

११ नोव्हेंबर, सोमवार

अलमासने आज ही कोरी वही हातात ठेवली. म्हणाली, "अब्बा, राउटरसुद्धा दिवसभर काय झालं ते लिहून ठेवतो. तुमी काहून न्हाई ठेवत?" मी म्हटलं, राउटरला बायको नाही, त्याला वेळ मिळतो. आतून नजमा म्हणाली, "ऐकून राहिले मी." अशी सुरुवात झाली.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात बावीस वर्षं मी टीव्हीची केबल चालवली. आता त्याच खांबांवरून घराघरांत इंटरनेट देतो. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. तारा, खांब, शिडी हे माझ्याकडे आणि भीमराजकडे. भीमराज पहिल्या दिवसापासून सोबत आहे. राउटर मात्र अलमासचा. हिंगोलीला डिप्लोमा करून आली तेव्हापासून त्या डब्याला आम्ही दोघं हात लावत नाही. अडलं की "अलमास!" म्हणून हाक मारायची, मिनिटात काम होतं.

घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण माझी शाळा मराठी. म्हणून वहीत सगळ्यांच्या तोंडी मराठीच येणार. नजमाची शाळा उर्दू. लहानपणी मदरशात मी अलिफ-बे शिकलो, पण ते छापील. हिच्या हातचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. सव्वीस वर्षांत एकमेकांचं लिहिलेलं वाचलेलं नाही, आमचं बरं चाललंय ते त्यामुळेच असावं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज फायबर दोनदा तुटली. रस्त्याचं काम चालू आहे, जेसीबीवाला खोदताना खाली बघत नाही.

आमचं इंटरनेट हिंगोलीहून येतं, तिथवर जायला दोन रस्ते आहेत. एक सेनगावची फायबर, जमिनीतून येणारी, वेगवान. दुसरी पुसेगावची डिश, हवेतून. तिकडची डिश सोजराबाईंच्या गच्चीवर बसवलेली आहे. गच्चीच्या बदल्यात त्यांना टीव्ही आणि इंटरनेट फुकट, असा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. पण बाई डिशला गच्चीवरचं सामान समजतात. ऊन दिसलं की गोधडी वाळत घालतात तिच्यावर, आणि आमची लाइन झोपते. भीमराजने हात जोडून सांगितलं तर म्हणाल्या, "तुमच्या थाळीला जरा ऊब लागली तर काय बिघडलं?"

शेजारच्या गावचा रणजीत आज तिसरी लाइन देऊ करत होता. मी खूश झालो. अलमास हसायला लागली. "अब्बा, रणजीतकाका स्वतः कुठून घेतात?" म्हटलं, आपल्याकडूनच. "मग आपली लाइन तुटल्यावर ते आपल्याला काय देतील? आपण त्यांच्याकडं पाठवू, ते आपल्याकडं परत पाठवतील, दिवसभर फिरत बसंल. दुसरा रस्ता असा पाहिजे जो आपल्यापेक्षा हिंगोलीच्या जवळ आहे." बराबर होतं. मी तोंडदेखलं म्हटलं, मला माहीत होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निवडणुकीचा निकाल. सकाळी आठपासून अख्खं गाव मोबाइल धरून बसलेलं. नऊ वाजता सगळ्यांची चित्रं अडकली. उकंडरावांचा फोन अकरा वेळा. ते आडतीत बसतात, आवाज शेतापर्यंत जातो. "हाशिमभाई, उमेदवार तोंड उघडून थांबलाय, बंद तरी करा त्याचं!"

सेनगावची लाइन तुंबली होती आणि पुसेगावची रिकामी पडली होती. मी म्हटलं, असं कसं? अलमास म्हणाली, राउटरच्या हिशोबानं सेनगावचा खर्च दहा, पुसेगावचा तीस. कमी खर्चाचा चालू असेपर्यंत तो दुसरीकडे बघतच नाही. तुटला तरच बघतो.

"लई गर्विष्ठ आहे," मी म्हणालो.

नजमा लसूण सोलत तिथंच बसली होती. म्हणाली, "गर्विष्ठ न्हाई. त्याला कुणी सांगितलंच न्हाई की दुसरीला पण काम जमतं."

२५ नोव्हेंबर, सोमवार

अलमासने आज राउटरला शिकवलं. पद्धत इतकी साधी की मी बघतच राहिलो. रस्त्यांच्या यादीत तिनं लिहिलं: सेनगाव, सेनगाव, सेनगाव, पुसेगाव. बस. तेच नाव तीनदा. आता नवं काम आलं की राउटर यादीतल्या पुढच्या नावाकडे देतो. चारातली तीन फायबरला, एक डिशला.

"अर्धं-अर्धं काहून न्हाई?" नजमाने विचारलं. हिला कशाला पाहिजेत या चौकशा!

"तिची ताकद तेवढी न्हाई, अम्मी. अर्धं दिलं तर ती बसंल आणि सगळ्यांचीच तकलीफ होईल. पण एकदम काढून पण टाकायची न्हाई. रोज थोडं चालत राहिलं की ती जिवंत आहे हे कळतं."

अजून एक नियम सांगितला. एक बोलणं एका रस्त्यानं सुरू झालं की संपेपर्यंत त्याच रस्त्यानं न्यायचं. अर्धं इकडून अर्धं तिकडून नेलं तर मागचं पुढे, पुढचं मागे पोहोचतं. मी मान डोलावली. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

५ डिसेंबर, गुरुवार

दहा दिवसांत तक्रारी निम्म्या झाल्या. भीमराज म्हणतो, शिडीला कोळिष्टकं लागतील.

आज तुरीची डाळ करपली. नजमा दुपारभर पुढच्या खोलीत पोरीशेजारी बसून असते, मायलेकींच्या गप्पा संपत नाहीत. मी आत डोकावलो की दोघी गप्प होतात. माझ्याबद्दल बोलत असणार. मी करपलेली डाळ मुकाट्याने खाल्ली आणि चांगली झाली म्हणालो. नजमाने माझ्याकडे असं बघितलं की मी अजून एक वाढ मागून घेतली.

१२ डिसेंबर, गुरुवार

गप्पांचं कारण कळलं. हैदराबादच्या एका कंपनीत अलमासने अर्ज केला होता. दोन फेऱ्या पार पडल्या, मला पत्ता नाही. शेवटची मुलाखत सोमवारी सकाळी दहाला, इथूनच, ऑनलाइन. नोकरी लागली तर तिथं नजमाच्या बहिणीकडे राहील.

मी म्हटलं, वा, मुबारक. आणि शिडी घेऊन बाहेर पडलो. खांबावर काही काम नव्हतं.

खरं लिहितो, ही वही दुसरं कोणी वाचत नाही. मला ती जायला नको आहे. एक तर राउटर. मला अडलं तर मी भीमराजला विचारणार, त्याला अडलं तर तो मला विचारणार, आम्ही रणजीतच्या लाइनसारखे फिरत बसू. पण तेवढंच नाही. सकाळी पुढच्या खोलीतून तिचं खाकरणं ऐकू आल्याशिवाय मला चहा लागत नाही. चोवीस वर्षांची झाली, तरी माझ्यासाठी लेकरूच आहे. आणि ती इतकी हुशार निघाली की गोरेगाव तिला पुरत नाही, याचा अभिमान वाटतो. दोन्ही एकाच वेळी वाटतं. छातीत कुठं ठेवायचं ते कळत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

मुलाखत झाली. बाहेर आली ती हसतच. "अब्बा, त्यांचा आवाज एकदम साफ येत होता. सगळी उत्तरं दिली." पोरीचा चेहरा असा की तिच्या जन्माच्या दिवशी मी मोहल्ल्यात पेढे वाटले होते त्याची आठवण झाली.

मीही माझ्या परीने हातभार लावला आहे. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा. तिला सांगितलं नाही. बापाने सगळंच सांगायचं नसतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

काय लिहू?

दुपारी कंपनीचा मेल आला. उमेदवाराचा आवाज सलग ऐकू आला नाही, शब्द तुटक आणि उलटसुलट येत होते, त्यामुळे निर्णय घेता आला नाही. शुभेच्छा.

अलमासला खरंच वाटेना. तिला तर सगळं साफ ऐकू येत होतं. मग तिनं राउटरची नोंद उघडली. राउटर सगळं लिहून ठेवतो. त्यात लिहिलं होतं: सकाळी नऊ बेचाळीस, बदल केला, हाशिम.

मी काय केलं ते सांगतो. कालच फायबर डळमळत होती. मनात आलं, माझ्या पोरीच्या मुलाखतीला एक लाइन कशाला, दोन्ही देऊ. एक तुकडा सेनगावने, एक पुसेगावने, म्हणजे दुप्पट जोर. तिच्या मागे बसून बघितलं होतं, ती ओळ कुठं आहे ते माहीत होतं. फक्त तिच्या कॉम्प्युटरपुरतं केलं. ती वीस मिनिटं बोलली आणि तिचा प्रत्येक शब्द दोन रस्त्यांवर फुटून, मागेपुढे होऊन हैदराबादला पोहोचला. येणारा रस्ता तिकडचे ठरवतात, तो नीट होता, म्हणून तिला काही कळलं नाही.

लाज कशाची वाटते सांगू? हे मला माहीत असायला पाहिजे होतं. केबलच्या दिवसांत एकच चित्र दोन तारांनी टीव्हीत शिरलं, एक तार लांब आणि एक आखूड, की पडद्यावर माणसाशेजारी त्याचं भूत दिसायचं. बावीस वर्षं मी गावभर शिडी घेऊन ती भुतं काढली. आणि स्वतःच्या पोरीच्या आवाजात आपल्या हाताने भूत घातलं.

अलमास रडली नाही. नुसती म्हणाली, "अब्बा, विचारायचं तरी." रडली असती तर बरं झालं असतं.

नंतर नजमा माझ्यासमोर येऊन बसली. "अजी, खरं सांगा. मुद्दाम केलं का?"

मी संतापलो. चप्पल घालून पार नाक्यापर्यंत गेलो, जिपा लागतात तिथं उभा राहिलो. सेनगावची जीप भरत होती, ड्रायव्हर मला बसा म्हणत होता. कुठं जाऊ?

मुद्दाम केलं नाही. देवाशपथ नाही. पण मेल वाचला तेव्हा वाईट वाटायच्या आधी, अगदी डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ, मला हलकं वाटलं होतं. ते नजमाने बघितलं. ती बाई सगळं बघते.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल घरी कोणी नीट बोललं नाही. भीमराज जेवायच्या वेळेला आला, वातावरण बघून चहासुद्धा न घेता परत निघाला होता, नजमाने बसवला.

आज मी अलमासला म्हटलं, कंपनीला लिही, खरं काय झालं ते. तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यात चूक तिनं स्वतःवर घेतली होती, आमच्याकडून बदल करताना दुर्लक्ष झालं, असं. मी म्हटलं, हे काढ. लिही की माझ्या वडिलांनी प्रेमाने दोन्ही लाइन जोडल्या, ते जुने केबलवाले आहेत, त्यांना माहीत असूनही ते विसरले.

"असं कंपनीला लिहितात का, अब्बा?"

"मी लिहितो."

तिनं लिहिलं. दोन्ही लाइनींचा खर्च, कोणता तुकडा किती उशिरा पोहोचला, जाताना का बिघडलं, येताना का नाही, सगळं आकड्यांसह. खाली राउटरची नोंद जोडली, माझ्या नावासकट. वाचताना तिला मध्येच हसू आलं. दोन दिवसांनी ती हसली. नजमा उठून चहा करायला गेली आणि चहात साखर दुप्पट पडली, आम्ही तो तसाच संपवला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून आलो तर दारात भीमराज नाचत होता. पन्नाशीचा माणूस, हातात पक्कड.

काल कंपनीने परत मुलाखत घेतली होती. मी राउटरपासून लांब रहावं म्हणून नजमाने मला हळद बघायला म्हणून पुसेगावला पाठवलं होतं. ती हळद अजून शेतात उभी आहे, हे मला तिथं पोहोचल्यावर सोजराबाईंनी सांगितलं. मुलाखतीत कंपनीवाल्यांनी पाऊण तास त्या मेलबद्दलच विचारलं. आज नोकरीचं पत्र आलं.

भीमराजला म्हटलं, बघ, माझ्या चुकीवर पोरीला नोकरी लागली. तो म्हणाला, "व्हय. पण आता परत करू नका."

१२ जानेवारी, रविवार

अलमास गेली. हिंगोलीहून गाडी. नजमाने वाटेसाठी धपाटे दिले, मी स्क्रू पिळायचे दोन पेचकस दिले. पेचकस कशाला म्हणाली, पण घेतले.

जाताना म्हणाली, "अब्बा, अडलं तर सगळ्यात आधी घरात विचारा, मग मला फोन करा." घरात कोणाला विचारू, भिंतींना? पोरगी भावूक झाली होती, मी हो म्हटलं.

राउटरच्या वर भिंतीला नजमाने एक कागद चिकटवला आहे. तिच्या हातचं उर्दू, बारीक, दहा-बारा ओळी. बरकतीची दुआ असणार. चांगलं केलं. मी सकाळी काम सुरू करताना त्या कागदाला हात लावून हात डोळ्यांना लावतो.

३० जानेवारी, गुरुवार

नजमाला घेऊन हिंगोलीला गेलो, तिला चष्मा पाहिजे होता. इतकी वर्षं शिवणकाम बिनचष्म्याचं केलं, आताच काहून? "बारीक अक्षर दिसत न्हाई," म्हणाली. कुराणाचं असेल, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

लाइन मक्खन चालू आहे. परवा पुसेगाव पडली होती, मी फोनकडे जाईपर्यंत परत आली. अलमास हैदराबादेत बसून करून राहिली असणार. नजमाला तसं म्हटलं तर म्हणाली, "असंल." हल्ली उकंडराव फोन करतात ते मला नाही, घरच्या फोनवर. मी उचलला की विचारतात, "भाभी न्हाईत का?" त्यांना तिच्याशी काय बोलायचं असतं कोण जाणे, लोणच्याची कृती विचारत असतील.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज चहा लागला. तिच्या खाकरण्याशिवाय. बरंही वाटलं आणि वाईटही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सेनगावची फायबर तुटली नाही, उपटली. जेसीबीने तीस-चाळीस फूट ओढून नेली. सकाळी साडेदहा. मी आणि भीमराज खड्ड्यात उतरलो ते तीन वाजेपर्यंत. आजूबाजूला सगळीकडे हळद शिजत होती, त्या वासाने भूक लागून राहिली होती आणि हात चिखलात.

मला माहीत होतं, चारातली तीन कामं अजून तुटलेल्या रस्त्याकडेच जात असणार. फायबर आमच्या टोकाला जिवंत दिसत होती, तुटलेली पुढे होती, असल्या वेळी राउटर फसतो. अलमासला फोन लावला. बंद. मंगळवारी तिचं ट्रेनिंग असतं, फोन बाहेर ठेवावा लागतो. भीमराजने विचारलं, "आता?" मी म्हटलं, आता काय? त्याने परत विचारलं, आता? बसलो फिरत.

पण एक गोष्ट लक्षात येईना. कोणाची तक्रारच नाही. आज हळदीचे भाव बघायला अख्खं गाव ऑनलाइन, आणि उकंडरावांचा एक फोन नाही. मी भीमराजला म्हटलं, म्हातारा बरा आहे ना, बघून ये. तो म्हणाला, "आताच दिसले की. मोबाइलवर भाव बघून ओरडून राहिले."

तसाच चिखलाच्या पायाने घरी आलो. पुढच्या खोलीत अलमासच्या खुर्चीवर नजमा. नाकावर चष्मा, कानाला फोन. "सोजराबाई, दोन्ही गोधड्या काढा. व्हय, लाल पण. सगळं गाव तुमच्या थाळीवर आहे आज." फोन ठेवला, भिंतीवरच्या दुआच्या कागदावर बोट ठेवून एक ओळ वाचली, आणि कीबोर्डवर हळूहळू काहीतरी टाइप केलं. पडद्यावरच्या यादीतून सेनगाव तिन्ही ठिकाणांहून निघालं होतं. नुसतं पुसेगाव. मोठे व्हिडिओ तिनं बंद केले होते, भाव आणि बोलणं चालू ठेवलं होतं.

मी दारातच उभा. "हे तू कधीपासून?"

"लसूण सोलत होते तेव्हापासून," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न हलवता. "पाय धुवून या. चिखल आणून राहिले."

पाय धुवून आलो. विचारलं, "मग तो कागद? मी रोज त्याला हात लावून डोळ्यांना लावतो."

नजमा इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला. "मला वाटलं तुमाला माहीत आहे! सेनगाव पडलं तर काय करायचं, पुसेगाव पडलं तर काय, सगळं अलमासने सांगितलं, मी लिहिलं."

"आणि मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी विचारलं का?" राग नव्हता तिच्या आवाजात, साधं उत्तर होतं. सव्वीस वर्षं मी तिला घरातलं काय संपलं तेवढंच विचारत आलो. मला खूप वाईट वाटलं, आणि त्याच्याहून जास्त अभिमान. तसं म्हणालो तिला. दोन्ही म्हणालो. ती लाजली आणि उगीचच माउस पुसत बसली.

मग म्हटलं, वाचून दाखव. "तुमीच वाचा, अलिफ-बे येते ना तुमाला," म्हणाली आणि कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मुंग्यांची रांग. घाम फुटला मला. ती शेजारी बसून अक्षराखाली बोट धरत होती, आणि मी पहिलीतल्या पोरासारखा. सगळ्यात खाली एक ओळ वेगळी, मोठ्या अक्षरात. ही अलमासने मागून लिहायला लावली, नजमा म्हणाली. गावात काही अडलं तर कोणाला बोलवायचं, त्याची यादी. चार शब्द. पहिले तीन सारखेच दिसत होते, ते लागले नाहीत. मीम हे अक्षर जोडून आलं की मी अडकतो. ती म्हणाली, अम्मी, अम्मी, अम्मी.

चौथा मला तिच्या मदतीशिवाय लागला. अलिफ, बे, अलिफ. अब्बा.

"मी एकदाच?" मी म्हटलं.

"एकदा पाहिजेच म्हणाली ती. एकदम काढायचा न्हाई." आणि उठून कागद परत भिंतीला लावला, माझ्या हाताला येईल तेवढ्या उंचीवर.